विरघळलेला उत्प्रेरक परत कसा मिळवावा?

जाळे आणि मिठागर

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. केरळातील प्रसिद्ध कोवलमहून ते निराळे. येथील कोळी समुद्रात जाळे टाकतो आणि मासळी घेऊन परततो. पाणी जाळ्याच्या भोकांतून निथळून जाते, मासा आत राहतो. परंतु त्याच समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि ते कितीही बारीक विणीच्या जाळ्यात सापडावयाचे नाहीत. त्यांच्यासाठी दुसरीच युक्ती करावी लागते. कोवलम-केळंबाक्कमच्या परिसरात, किंवा आपल्याकडे उरण-पेणच्या खाड्यांलगत, पूर्वापार चालत आलेल्या मिठागरांत समुद्राचे पाणी वाफ्यात कोंडून उन्हाने आटविले जाते, तेव्हा कोठे मीठ हाती लागते.

जाळ्याने मिळवावयाची वस्तू आणि आटवून मिळवावयाची वस्तू यांतील हा भेद आधुनिक रासायनिक उद्योगापुढील एका अवघड प्रश्नाचे मूळ आहे. मिठागरात ऊन फुकट मिळते आणि उष्णतेने मिठाचे काही बिघडत नाही. कारखान्यात मात्र आटविण्यासाठी इंधन जाळावे लागते, आणि जी वस्तू परत मिळवावयाची तीच पुष्कळदा त्या उष्णतेने नासते. ती वस्तू म्हणजे द्रावणात विरघळलेला उत्प्रेरक होय.

दोन जातींचे उत्प्रेरक

रासायनिक क्रियेत भाग घेऊन तिचा वेग वाढविणारा, पण क्रियेच्या शेवटी पुन्हा मूळ रूपात मोकळा होणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ साली या व्यापाराचे नामकरण केले. उत्प्रेरक खर्ची पडत नाही, असे शालेय पुस्तकांत वाचावयास मिळते. ते तत्त्वतः खरे आहे. व्यवहारात मात्र उत्प्रेरक हरवतो, आणि हरवलेला उत्प्रेरक खर्ची पडलेल्यासारखाच असतो.

वनस्पती तुपाच्या कारखान्यात तेलाचा हायड्रोजनशी संयोग घडविण्यासाठी निकेलची अतिसूक्ष्म पूड वापरतात. तेल द्रव, निकेल घन. क्रिया संपली की तेल गाळून घ्यावयाचे आणि पूड गाळणीवर राहावयाची. उत्प्रेरक आणि क्रियाशील पदार्थ अशा भिन्न अवस्थांत असतात तेव्हा त्या उत्प्रेरकास विषमांगी म्हणतात. त्याचा मोठा गुण म्हणजे तो जाळ्यात सापडतो. परंतु घन कणाच्या पोटातील अणू काहीच काम करीत नाहीत, कारण काम केवळ पृष्ठभागावर चालते. शिवाय पृष्ठभागावरील अणूही सारखे नसतात. कोणी कडेवर, कोणी कोपऱ्यात, कोणी सपाटीवर. म्हणून अशा उत्प्रेरकाकडून नेमक्या व नाजूक कामाची अपेक्षा करणे कठीण जाते.

दुसरी जात समांगी उत्प्रेरकांची. यात धातूचा एकेक अणू काही सहचर रेणूंच्या कोंदणात बसविलेला असतो. या सहचरांस रसायनशास्त्रात लिगंड म्हणतात. असे संयुग क्रियेच्या द्रावणात पूर्णपणे विरघळते, त्यामुळे प्रत्येक धात्वणू कामास लागतो आणि प्रत्येकाचे वर्तन सारखे असते. कोंदण बदलले की उत्प्रेरकाचा स्वभावही बदलतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जेफ्री विल्किन्सन यांनी १९६०-७० च्या दशकात ऱ्होडियम धातूच्या अणूभोवती ट्रायफेनिल फॉस्फीनचे तीन रेणू बसवून जो उत्प्रेरक प्रचारात आणला, तो सामान्य तापमानास व वातावरणाच्या दाबाखालीही हायड्रोजनाचा संयोग घडवितो. विल्किन्सन यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियमला डाव्या-उजव्या हातांचा भेद जाणणाऱ्या लिगंडांचे कोंदण दिले आणि कंपवातावरील एल-डोपा या औषधाचे हवे तेच रूप कारखान्यात बनविण्याचा मार्ग मोकळा केला. त्यांनाही २००१ साली या पारितोषिकाचा वाटा लाभला.

एवंच, जो उत्प्रेरक विरघळतो तो अधिक कुशल. पण जो विरघळतो तो जाळ्यातून निसटतो. समांगी उत्प्रेरकाचा गुण आणि दोष एकाच कारणातून उत्पन्न झाले आहेत.

एका दशलक्षांशाची किंमत

या दोषाची किंमत किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जर्मनीत ओबरहाउझेन येथे ओटो रोलेन यांनी १९३८ साली असा शोध लावला की, दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनवर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांची क्रिया घडविली असता एक कार्बन अणू अधिक असलेले अल्डिहाइड तयार होते. या क्रियेस हायड्रोफॉर्मिलीकरण म्हणतात. प्रोपिलीनपासून या मार्गाने ब्यूटिराल्डिहाइड मिळते, आणि त्यापासून प्लास्टिकला मऊपणा देणाऱ्या द्रव्यांसाठी लागणारी अल्कोहोले बनतात. रोलेन यांनी कोबाल्ट वापरला होता. पुढे ऱ्होडियम अधिक कार्यक्षम व सौम्य ठरले.

परंतु ऱ्होडियम हा अत्यंत दुर्मिळ धातू आहे. मार्च २०२१ मध्ये त्याचा भाव औंसाला २५,००० डॉलरांच्या वर गेला होता. हा औंस सुमारे ३१ ग्रॅमांचा असतो. आता वर्षाला १ लाख टन माल काढणारा एक कारखाना कल्पनेने समोर ठेवावा. त्याच्या मालाबरोबर वजनाच्या केवळ एक दशलक्षांश इतके ऱ्होडियम वाहून गेले, तरी वर्षाअखेर १०० किलोग्रॅम धातू गेला असे होईल. वरील भावाने त्याची किंमत सुमारे ८ कोटी डॉलर भरते. तेव्हा येथे दशलक्षांशही परवडत नाही. अब्जांशांची भाषा बोलावी लागते.

ब्यूटिराल्डिहाइड सुमारे ७५ अंश सेल्सिअसला उकळते. ते ऊर्ध्वपातनाने काढून घेता येते आणि ऱ्होडियम मागे राहते. पण आठ कार्बन अणूंच्या ऑक्टीनपासून मिळणारे नऊ कार्बनी अल्डिहाइड सामान्य दाबाखाली सुमारे १९० अंशांस उकळते. इतक्या उष्णतेत उत्प्रेरकाचे कोंदण टिकत नाही व धातू निरुपयोगी होऊन बसतो. मिठागराची युक्ती येथे संपते.

प्रश्न केवळ पैशाचाही नाही. वेदनाशामक म्हणून घरोघरी परिचित झालेल्या आयबुप्रोफेनच्या एका निर्मितीप्रक्रियेत शेवटची पायरी पॅलेडियमच्या संयुगाच्या साहाय्याने पार पाडतात. तोंडाने घ्यावयाच्या औषधांतून पॅलेडियम माणसाच्या शरीरात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ऱ्होडियमलाही तीच मर्यादा आहे. रुग्णाच्या गोळीत धातू उतरू द्यावयाचा नसेल, तर तो कोठे जातो याचा कडेकोट हिशेब ठेवलाच पाहिजे.

दाव्याने बांधलेला रेणू

यावर सुचलेला सरळ उपाय असा की, कुशल रेणूला एखाद्या घन आधाराशी बांधून टाकावे. म्हणजे तो काम करील विरघळलेल्यासारखे आणि गाळणीवर मात्र सापडेल घन पदार्थासारखा. गुराला दाव्याने खुंट्याशी बांधून चरावयास सोडण्यासारखीच ही योजना आहे. दावे फार आखूड असेल तर गुराला चरता येत नाही; आधाराला चिकटून बसलेल्या रेणूकडे इतर रेणूंना पोहोचणे अवघड होते. दावे फार लांब असेल तर दोन गुरांची दावी एकमेकांत गुंततात. तसेच शेजारशेजारचे धात्वणू एकत्र येऊन निष्क्रिय होऊ शकतात. दावे कच्चे असेल तर गुरू सुटून जाते. उत्प्रेरक बांधण्याच्या शास्त्रातील बहुतेक अडचणी या तीन वाक्यांत येतात.

खुंटा म्हणून प्रथम उपयोगी पडले ते पॉलिस्टायरीनचे बारीक मणी. रॉबर्ट मेरीफील्ड यांनी १९६३ साली अशा मण्यांवर प्रथिनांच्या साखळ्या गुंफण्याची रीत प्रसिद्ध केली होती, आणि तिने रसायनशास्त्रज्ञांस नवी दृष्टी दिली. अमेरिकेत रॉबर्ट ग्रब्ज व त्यांचे सहकारी क्रोल यांनी १९७१ साली विल्किन्सन यांचा उत्प्रेरक अशा मण्यांशी जोडला. लहान रेणू फुगलेल्या मण्यात सहज शिरत, मोठे रेणू अडखळत. त्यामुळे लहानांवरील क्रिया जलद व मोठ्यांवरील मंद होते असे दिसून आले. बांधल्यामुळे उत्प्रेरकाचे स्वातंत्र्य उणे होते, पण कधी कधी त्यास निवड करण्याची नवी शक्तीही प्राप्त होते, हा त्यातील धडा होय.

दावे प्रत्येक वेळी पक्क्या रासायनिक बंधाचेच असावे असे नाही. मेथॅनॉलपासून ॲसेटिक आम्ल बनविण्याच्या क्रियेत ऱ्होडियमचे संयुग ऋणभारित असते. जपानमधील चियोदा कंपनीने ज्या रेझिनवर धनभारित गट आहेत असे रेझिन घेऊन त्यावर हे संयुग विद्युत् आकर्षणाने धरून ठेवण्याची पद्धत विकसित केली.

पुण्यातील प्रयत्न

महाराष्ट्रातील वाचकांना या विषयाचा एक महत्त्वाचा अध्याय घराजवळच सापडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. पाषाण रस्त्यावरील या संस्थेत उत्प्रेरकांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा निर्माण झाली, आणि विरघळलेल्या उत्प्रेरकाला आवर घालण्याचे निरनिराळे मार्ग तेथे अभ्यासले गेले.

पहिला मार्ग घन आधाराचा नसून दोन द्रवांचा आहे. ओबरहाउझेन येथेच १९८४ साली अशी प्रक्रिया सुरू झाली की, ऱ्होडियमच्या लिगंडांना सल्फोनेट गट जोडून त्यांस पाण्यात विरघळणारे बनविले. उत्प्रेरक पाण्यात, तयार झालेले अल्डिहाइड तेलाच्या थरात. क्रिया थांबली की दोन्ही थर तेलपाण्यासारखे आपोआप वेगळे. ऱ्होडियमची घट अब्जांशांवर आली. परंतु ही युक्ती प्रोपिलीनला लागू पडली, ऑक्टीनला नाही. लिटरभर पाण्यात प्रोपिलीन वातावरणाच्या दाबाखाली सुमारे २०० मिलिग्रॅम विरघळते, ऑक्टीन जेमतेम काही मिलिग्रॅम. कामगार एका खोलीत आणि कच्चा माल दुसऱ्या खोलीत, अशी स्थिती झाली.

रघुनाथ चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो तोडगा काढला, तो १९९५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी तेलाच्या थरात साधे, म्हणजे सल्फोनेट नसलेले, ट्रायफेनिल फॉस्फीन मिसळले. ते पाण्यात उतरत नाही, पण ऱ्होडियमशी त्याची दाट मैत्री आहे. दोन थरांच्या सीमेवर ते ऱ्होडियमला हात देऊन काठाशी ओढून धरते. ऱ्होडियमचे इतर सहचर मात्र जलप्रेमी असल्यामुळे ते पाणी सोडून तेलात जात नाही. म्हणजे दोन खोल्यांच्या उंबरठ्यावरच काम सुरू झाले. क्रियेचा वेग अनेक पटींनी वाढला आणि थर वेगळे करण्याची सोयही टिकली.

दुसरा मार्ग कोंडण्याचा. मद्रास विद्यापीठातून पीएच. डी. झालेले आणि पुढे पुण्याच्या या प्रयोगशाळेचे संचालक झालेले पॉल रत्नसामी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९० नंतरच्या दशकात झिओलाइटांच्या पोकळ्यांत धातूंची थॅलोसायनीन संयुगे बसवून त्यांचा ऑक्सिडीकरणासाठी उपयोग केला. झिओलाइट हे निसर्गात सापडणारे, तसेच कृत्रिम रीतीने बनविता येणारे, नियमित पोकळ्यांचे खनिज आहे. वाय नावाच्या झिओलाइटची पोकळी सुमारे १.३ नॅनोमीटर रुंद, पण तिचा दरवाजा केवळ ०.७४ नॅनोमीटरचा असतो. थॅलोसायनीनचा सपाट रेणू त्या दरवाजातून आत शिरू शकत नाही. म्हणून त्याचे लहान लहान घटक आत सोडून पोकळीतच त्यांची जोडणी करतात. वेलीवरील कोवळी काकडी बाटलीत सरकवून तेथेच वाढू दिली, तर पुढे ती बाटलीच्या तोंडातून बाहेर येत नाही. हा रेणूही तसाच अडकतो. त्याला दावे लागत नाही. तुरुंगाचे दारच त्याच्याहून लहान असते.

झिओलाइटची पोकळी मोठ्या रेणूंना अपुरी पडते. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ साली साधारण २ ते १० नॅनोमीटर व्यासाच्या समान नळ्या असलेली सच्छिद्र सिलिका प्रसिद्ध केली, तेव्हा ही अडचण बरीच दूर झाली. चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्होडियमचे संयुग झिओलाइटमध्ये कोंडून, तसेच अशा सिलिकेच्या भिंतींना नायट्रोजनयुक्त गटांनी जोडून, हायड्रोफॉर्मिलीकरण घडवून दाखविले. हे काम २००३ साली प्रकाशात आले.

तिसरा मार्ग सर्वांत साधा आणि म्हणून सर्वांत मनोवेधक आहे. पोटाच्या क्ष-किरण चित्रासाठी रुग्णास बेरियम सल्फेटचे पांढरे मिश्रण पाजतात. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी, पण बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि म्हणून शरीराला अपाय न करता निघून जाते. सल्फोनेट गटांचेही असेच आहे. त्यांचा सोडियम क्षार पाण्यात सहज विरघळतो. सोडियमच्या जागी बेरियम आला की तो घट्ट घनरूप होतो, आणि हा घन पाण्यात किंवा तेलकट द्रवातही विरघळत नाही. बेरियमचा दुहेरी भाराचा आयन दोन सल्फोनेटांना एकत्र बांधतो. एकेका लिगंडावर तीन सल्फोनेट असल्याने सर्वत्र जाळे विणले जाते. ओबरहाउझेनचा जलप्रेमी उत्प्रेरक घेऊन त्याचा असा साका सच्छिद्र आधारावर बसविला, तर उत्प्रेरकाचा रेणू तोच राहून केवळ त्याची विद्राव्यता नष्ट होते. सरकार आणि चौधरी यांनी ही रीत २००६ साली मांडली व तिला अस्थिभवन, म्हणजे हाडासारखे कठीण होणे, या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. पॅलेडियमच्या अशा उत्प्रेरकाचा उपयोग त्यांनी कार्बन मोनॉक्साइड जोडण्याच्या क्रियांसाठी केला. आयबुप्रोफेनची शेवटची पायरी याच जातीची असते, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच.

बांधला की सुटला?

येथवरचे वर्णन वाचून प्रश्न सुटला असे वाटण्याचा संभव आहे. खरी परीक्षा यापुढे आहे. घन दिसणाऱ्या उत्प्रेरकातून थोडा धातू हळूच द्रावणात उतरतो आणि सारे काम तोच करतो, असे अनेक वेळा आढळले आहे. गाळणीवर राहिलेला घन पदार्थ मग केवळ शोभेचा ठरतो. डच विद्यापीठात काम करणारे रॉजर शेल्डन यांनी १९९८ च्या सुमारास याविषयी रसायनशास्त्रज्ञांस परखड इशारा दिला होता.

परीक्षेची एक रीत अशी. क्रिया अर्धवट झाली असता, मिश्रण तप्त असतानाच ते गाळावयाचे आणि स्वच्छ द्रव त्याच तापमानास ठेवून पाहावयाचा. क्रिया थांबली, तर काम करणारा गाळणीवर होता असे मानण्यास जागा मिळते. क्रिया पुढे चालू राहिली, तर तो द्रवात पळाला होता हे उघड होते. गाळणे तप्त स्थितीतच झाले पाहिजे. कारण मिश्रण थंड होताना सुटलेला धातू पुन्हा आधारावर बसू शकतो आणि परीक्षकाची फसगत होते.

पुनर्वापराचे आकडेही सावधपणे वाचावे लागतात. एकच उत्प्रेरक दहा वेळा वापरला व दहाही वेळा पूर्ण माल मिळाला, एवढ्यावरून तो शाबूत आहे असे सिद्ध होत नाही. एका तासाचे काम असताना क्रियेला दहा तास दिले, तर निम्मा मेलेला उत्प्रेरकही ते पूर्ण करील. म्हणून प्रत्येक फेरीतील आरंभीचा वेग मोजणे आवश्यक आहे. शिवाय लहान गळती चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढते. प्रत्येक फेरीस १ टक्का धातू गेला तर १०० फेऱ्यांनंतर सुमारे ३७ टक्केच शिल्लक राहतो, गळती ०.१ टक्क्यावर आणली तर सुमारे ९० टक्के राहतो. प्रयोगशाळेतील पाच फेऱ्यांत हा भेद डोळ्यांस दिसतही नाही, कारखान्यात मात्र त्यावरच जमाखर्च ठरतो.

शेवटचा हिशेब

घन आधारावर बांधलेल्या उत्प्रेरकांची हजारो उदाहरणे प्रयोगशाळांतून वर्णिली गेली आहेत. त्यांपैकी कारखान्यांपर्यंत पोहोचलेली फार थोडी. बांधल्याने वेग घटतो, बांधणीचा खर्च वाढतो, आणि दावे हळूहळू झिजते, ही त्याची कारणे आहेत. तरीही हा प्रयत्न सोडून देता येत नाही. पृथ्वीच्या पोटातील ऱ्होडियम-पॅलेडियमचा साठा मर्यादित आहे, आणि नदीत किंवा औषधात गेलेला धातू पुन्हा गोळा करण्याचे साधन मानवापाशी नाही.

उत्प्रेरकाची थोरवी आजवर त्याच्या वेगावरून मोजली जात असे. आता आणखी एक माप त्याच्यापुढे ठेवले जात आहे: काम आटोपल्यावर तो किती प्रमाणात परत येतो? कोवलमचा कोळीही आपल्या जाळ्याची परीक्षा अशाच हिशेबाने करतो. जाळे समुद्रात किती दूर गेले यापेक्षा किनाऱ्यास लागताना त्यात काय उरले, याकडे त्याचे लक्ष असते. रसायनशास्त्रज्ञाला जे जाळे विणावयाचे आहे, त्याची वीण रेणूहून बारीक हवी. आणि ते कोठे फाटले आहे हे प्रथम स्वतःच प्रामाणिकपणे तपासून पाहण्याची त्याची तयारी हवी.